तांबड्या खुणेचं ताट

तुमच्या घरात कुणाला टीबी निघाला असंल तर आधी उठा आणि खिडकी उघडा. बाकीचं मग वाचा. ताट वेगळं करायची घाई करू नका. आमच्या घरात नेमकं उलटं झालं. ताट वेगळं झालं, खिडकी बुजलेलीच राहिली, आणि त्या आजारात माझी जाऊ माझ्यापासून तुटली. फुप्फुस बरं झालं, पण तिच्यावाचून मी कशी झुरले ते कुठल्या छातीच्या फोटोत दिसलं न्हाई.

मी सुमन. सासर मंठाळ, बसवकल्याण तालुक्यातलं. घरात माणसं मोजकीच. सासरे, त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. माझे मालक. धाकटा दीर हैदराबादला गाडी चालवतो, जमंल तसा येऊन जातो, आणि त्याची बायको काशी आमच्यात राहते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. अप्पांची उमर मेंढरामागं गेली. आता तूर आणि ज्वारी करतो, मेंढरं हौसेपुरती चार ठेवलीत. आणि अप्पांची काळी घोंगडी आहे. ती कुणी पायदळी घ्यायची न्हाई, धुवायची न्हाई, उगं ओलांडायची सुद्धा न्हाई. घरात अप्पांच्या खालोखाल तिचाच मान.

काशी नवी नवरी होऊन आली, त्या पहिल्याच दिवशी मी तिला ताट वाढून दिलं तर ते तसंच ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "अक्का, मला एकटीला घास उतरत न्हाई." आणि घातला की हात माझ्या ताटात! मी म्हटलं, "आगं, इचार तरी." तर म्हणे, "इचारलं असतं तर तू न्हाई म्हटली असतीस."

तेव्हापासून आमचं ताट एकच. गडीमाणसं जेवून उठली की आम्ही बसायचो. भाकरी ती मोडायची, शेंगाच्या चटणीवर तेल मी घालायची. भांडण झालं तरी ताट तेच. एकदा दोघी दोन दिवस बोलत नव्हतो, तरी त्याच ताटात जेवलो, मधी पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, भाजीचा बांध घालून. अप्पा मात्र आमच्या जेवणाकडं कधी फिरकायचे न्हाईत. सुना जेवायल्या की ते खाकरून बाहेर ओट्यावर जायचे. सासऱ्यानं सुनांच्या ताटाकडं बघू नये, अशी त्यांची रीत.

वारं लागायलंय

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं येळवस असते. त्या दिवशी गावात चूल पेटत न्हाई, सगळे रानात जाऊन जेवतात. त्या येळवसीला मी आंबील प्याले आणि दुसऱ्या दिवशी खोकले. सगळे म्हणाले, आंबील बाधली. मीबी तेच म्हटलं. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, लवंग चघळून झाली. खोकला काही हटंना. संध्याकाळ झाली की अंगात बारीक ताप, झोपेत घाम. पोलकं असं ढगळ झालं की काशी म्हणाली, "अक्का, ह्यात मीबी मावते, दोघी एकदमच घालू या."

अप्पा म्हणाले, "पोरीला वारं लागायलंय." त्यांचा जन्म रानात, आभाळाखाली गेलेला. थंडीवाऱ्यात मेंढरांत बसून त्यांनी रात्री काढल्या, आणि त्यांना राखलं ते घोंगडीनं. तिच्यातून वारं शिरत न्हाई, हे त्यांच्या हाडाला माहीत. म्हणून त्यांनी काय केलं, जी घोंगडी कुणाला शिवू देत नव्हते, ती स्वतः उचलली आणि माझ्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीवर खिळ्यांनी ठोकली.  मला तर भरून आलं. सुनेसाठी घोंगडीला भोकं पाडणारा सासरा कुठं बघितलाय?

खोली उबदार झाली. काशी दार लावून माझ्यापाशी बसायची, पाठ चोळायची, शेकायची, गावातल्या चहाड्या सांगून हसवायची. हसले की मला उबळ यायची, मग ती अजून जवळ सरकून छातीला हात लावायची. रातच्यालाबी माझ्याच अंथरुणाशेजारी. पूर्ण थंडी आम्ही तशी काढली. किती माया केली सगळ्यांनी! पण त्या खोलीत हवा तीच, खोकला तोच, आणि आम्ही दोघी.

थुंकायला शिकले

शिवरात्रीच्या आसपास पदराला रक्त लागलं. मालकांनी फटफटी काढली आणि मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथं एक डबी हातात दिली, म्हणाले छातीतनं खोल खोकून थुंका. आता बघा, जन्मभर ऐकलं की बाईच्या जातीनं चारचौघांत थुंकू नये, आणि इथं थुंकी येईना म्हणून नर्स रागवायली! आवारात लिंबाखाली जाऊन भिंतीकडं तोंड करून कसंबसं थुंकले.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघून मराठीत बोलल्या, "टीबी आहे," आणि लगेच कानडीत म्हणाल्या, "हेदरबेडम्मा." भिऊ नको बाई. मालकांनी वाटेत माझ्यासाठी संत्री घेतली होती. ते ऐकत ऐकत एक सोलायले, आणि एक-एक फोड करून सगळं स्वतःच खाऊन बसले. बाहेर आल्यावर हातातली साल बघून म्हणाले, "अरं, तुला द्यायचं होतं की गं." मला हसू आलं आणि त्याच्याच मागं रडू आलं. तिथंच पायरीवर बसून रडले.

पहिला इचार मरणाचा आला न्हाई, खरं सांगते. पहिला इचार आला तो काशीचा. कालच दुपारी तिनं माझ्या ताटातली चटणी बोटानं पुसून खाल्ली होती.

किटकी तेगीरी!

रक्त थांबंना म्हणून मला गुलबर्ग्याला पाठवलं. आता कलबुर्गी म्हणतात, आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच येतं. बायांचा वार्ड. शेजारच्या खाटेवर मादन हिप्परग्याची गंगव्वा म्हणून म्हातारी होती. ती कानडी, मी मराठी, आणि भांडायचं असलं की दोघी दखनी उर्दू बोलायचो.

आमचं दोघींचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, खिडकी बंद पाहिजे. सकाळचं गार वारं आलं की गंगव्वा खुणावायची आणि मी उठून लावायची. मग नर्स यायची, दारातूनच ओरडायची, "किटकी तेगीरी!" खिडकी उघडा. ती गेली की आम्ही परत लावायचो. ती परत यायची. शेवटी एक दिवस वैतागून तिनं डॉक्टरलाच आणून उभं केलं.

तो पोरसवदा डॉक्टर गंगव्वाच्या खाटेच्या कडेला टेकला आणि समजावून सांगायला लागला. टीबीचा जंतू हवेतून येतो म्हणाला. फुप्फुसात टीबी असलेलं माणूस खोकलं, शिंकलं, मोठ्यानं बोललं, गायलं तरी डोळ्याला न दिसणारे बारके थेंब उडतात. जंतू त्यात असतो. उघड्यावर वारं त्यांना पांगवतं, उन्हात तो तग धरत न्हाई. पण बंद खोलीत तो घटका घटका तरंगत राहतो, आणि जवळचं माणूस श्वास घेतं तसा त्याच्या छातीत उतरतो.

मी विचारलं, "आणि ताटानं? आम्ही एका ताटात जेवतो."

"ताटानं न्हाई. कपड्यानं न्हाई, हात धरल्यानं न्हाई. एका हवेत लई दिवस राहिल्यानं."

मला घोंगडी दिसली, खिडकीवरची. त्या मायेच्या खोलीत आम्ही दोघी एकमेकींची हवा पीत होतो. 

"माझ्या जावेला झाला असंल का?"

"सगळ्यांनाच होत न्हाई," तो म्हणाला. "जंतू आत गेला तरी पुष्कळांचं अंग त्याला दाबून ठेवतं. तो झोपून राहतो. अशा माणसाला खोकला न्हाई, ताप न्हाई, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला काही होतबी न्हाई. कधी अंग खंगलं की तो जागा होतो, कधी जन्मभर होत न्हाई. तुमच्या घरातल्या सगळ्यांना तपासायला लावा. तुमच्यातबी कुणाठाऊक किती वर्षांचा निजलेला असंल."

तो गेला आणि मला माझी आई आठवली. मी करजगीची लेक. आई अशीच खोकायची, हिवाळाभर. मी तिच्या कुशीत शिरून झोपायची, तिच्या खोकल्याच्या हिसक्यानं हलायची आणि परत झोपायची. ती गेली तेव्हा रोगाचं नाव कुणी विचारलं न्हाई आणि कुणी सांगितलंबी न्हाई. तोच हा होता का, ते आता कुणालाच सांगता येणार न्हाई. पण त्या वार्डात मला तिची कूस इतकी आठवली की बस्स. रोग तिच्याकडनं आला असंल तर येऊ दे, पण ती कूस परत मिळाली पाहिजे, असं येड्यासारखं वाटलं.

गंगव्वानं बघितलं. उठली, स्वतःच्या हातानं खिडकी उघडली आणि डोक्यावर लुगडं ओढून बसली. मग तिनं खिडकी कधी लावली न्हाई.

खूण

मी घरी आले तर काशी न्हाई. तिचा भाऊ येऊन घेऊन गेला होता. "असल्या घरात आमची पोर ठेवत न्हाई," म्हणाला म्हणे. ती जायला तयार नव्हती, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अप्पांनीच सांगितलं, "जा पोरी, चार दिवस."

चुलीपाशी माझं ताट वेगळं ठेवलेलं. काठावर तांबडा ठिपका. मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून पाठीवर रंगाची खूण करतात. प्रत्येक घराची खूण ठरलेली, आमची तांबडी. अप्पांनी तोच डबा उघडून माझ्या ताटाला खूण केली होती.

मी पदरानं तोंड बांधून उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. ताटानं न्हाई, वाऱ्यानं न्हाई, वारं कोंडल्यानं पसरतं. अप्पा खाली मान घालून ऐकत होते. मग उठले, खोलीत गेले. खिळे उपटल्याचा आवाज आला. घोंगडी खांद्यावर टाकून बाहेर आले आणि म्हणाले, "रानात हिनं वारं आडवलं म्हणून जगलो बग. मला वाटलं घरातबी तसंच असतंय."  घोंगडीची भोकं ते कितीतरी वेळ बोटानं चाचपत होते.

"मग ताटाची खूण पुसू का, अप्पा?"

"असू दे पोरी. भ्याव वाटायलंय. इतकं तरी करू दे."

मला राग आला, लई राग आला. पण माणसाला भीती वाटली की हाताला काहीतरी काम लागतं, आणि ठिपका काढणं सोपं असतं. मी त्याच ताटात वाढून घेतलं.

अर्धी भाकरी

गोळ्यांचं सांगते, कारण ते कुणी सांगत न्हाई. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी किंचाळले, मालक काठी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. ते गोळीनं होतं, भिऊ नका. मळमळ होते, तोंड कडू पडतं. गावातली आशाताई येऊन समोर बसायची, "गिळ. आता जीभ दाखव." एकदा मी चिडून तिला जीभ काढून वेडावलं तर म्हणे, "छान. गेली गोळी." थोड्या आठवड्यांत खोकला बसतो, अंगात बळ येतं, आणि तिथंच माणूस फसतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट सोडलं तर जंतू उलटतो आणि मग साध्या गोळीला दाद देत न्हाई.

मालकांना आणि अप्पांना तपासलं. रोग निघाला न्हाई, तो येऊ नये म्हणून त्यांनाबी गोळ्या दिल्या. आशाताई म्हणाली, जावेलाबी तपासा. मालकांनी काशीच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "आमच्या पोरीला काय झालं न्हाई," आणि फोन ठेवून दिला.

आधी काशीचा फोन यायचा. "अक्का, जेवलीस का? काय केलतीस?" पुंडीची भाजी केली म्हटलं की ती तिकडनं मचमच आवाज करून दाखवायची. नागपंचमीच्या आसपास फोन बंद झाला. मी केला की भाऊ उचलायचा. झोपलीय. रानात गेलीय. न्हायलीय. एवढं कोण न्हातंय, बाई!

मला वाटलं, भ्याली. माझी शिसारी आली असंल. न्हाईतर रागावली असंल, ह्या बाईनं मला रोगाच्या तोंडी दिलं म्हणून. तशी ती रागावली असती तर मी काय म्हणणार होते?

जेवायला बसले की दोघींची सवय जाईना. भाकरी आता मीच मोडायची, पण तिच्यासारखीच, दोन सारखे तुकडे करून. एक तुकडा खायची आणि दुसरा टोपल्यात ठेवायची. दारात फटफटीचा आवाज झाला की घास हातात धरून ऐकायची. पोळ्याला न्हाई आली, दसऱ्याला न्हाई, दिवाळीतबी न्हाई. मधल्या काळात माझ्या गोळ्या संपल्या. तपासलं, थुंकी साफ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरी झालीस." मालकांनी पेढे वाटले. मी एक पेढा कागदात बांधून फळीवर ठेवला. त्याला मुंग्या लागल्या.

येळवस

परत येळवस आली. रानात कडब्याची कोप केली, आत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडले. आदल्या रातीच मी बाजरीच्या पिठाचे उंडे वळून उकडले, ओल्या शेंगा-भाज्यांची भज्जी केली. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन मालक पुढं आणि अप्पा घोंगडी खांद्यावर घेऊन मागं. माझं तांबड्या खुणेचं ताट माझ्या हातात. रोग गेला तरी खूण तशीच होती, आणि मीबी आता ती पुसा म्हणणं सोडलं होतं.

पूजा झाली, तेवढ्यात बांधावर दिराची फटफटी थांबली. मागनं काशी उतरली. वाळून काटकी झालेली. पदर सावरत तुरीच्या ओळीतून आली आणि माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली.

मी म्हटलं, "आलीस व्हय? मला वाटलं न्हातच हाईस अजून." हे असलं माझं तोंड! मनात काय, आणि निघालं काय.

ती हसली न्हाई. पिशवीतनं एक ताट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. ताटाच्या काठावर निळा ठिपका.

तिच्या माहेरच्या मेंढरांची खूण निळी.

"पंचमीला खोकला सुरू झाला, अक्का," ती म्हणाली. "माझ्याच माणसांनी माझं ताट येगळं केलं. ह्यांनीच हैदराबादहून येऊन मला दवाखान्यात नेलं. गोळ्या चालू हायत अजून. पण थुंकी साफ निघालीय, आता माझ्यापासून कुणाला काय होत न्हाई. डाक्टरांना धा बारी इचारलं, तवा आले."

 मी मातीतच बसले. "मी दिलं तुला. माझ्यापासनंच गेलं."

"म्हणूनच सांगितलं न्हाई तुला, ह्यांनाबी सांगू दिलं न्हाई. अशी रडत बसली असतीस, जेवली नसतीस, गोळ्या सोडल्या असतीस." तीबी माझ्यासमोर मातीत बसली. "तू कामून देशील? तू मुद्दाम दिलंस व्हय? खोली बंद होती, अक्का."

माझी आई आठवली. तिनं मुद्दाम दिलं होतं व्हय?

काशीनं निळ्या खुणेचं ताट उचललं आणि अप्पांकडं वळली. आजवर ती त्यांच्याशी नजर खाली घालूनच बोलायची. आज सरळ बघून म्हणाली, "अप्पा, माझ्या अंगावर माहेरची खूण हाय, अक्काच्या अंगावर तुमची. मी कुठल्या कळपात जाऊ, सांगा."

 अप्पांनी तिच्या हातातनं ताट घेतलं, माझं उचललं, ओंजळभर माती घेतली आणि खसाखसा घासायला लागले. मालक म्हणाले, "अप्पा, तो रंग निघत न्हाई." त्यांनी ऐकलं न्हाई. बोटं लाल होईस्तोवर घासलं. ठिपके तसेच राहिले.

मग त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि कोपीच्या बाहेर, उघड्या उन्हात अंथरली. खिळ्यांच्या भोकांतून खालची माती दिसत होती. म्हणाले, "बसा, दोघीबी." आम्ही जागच्या हललो न्हाई. त्या घोंगडीवर आजवर बाईमाणूस बसलं नव्हतं. "बसा म्हणायलोय न्हवं!"

बसलो. तांबड्या खुणेच्या ताटात मी भज्जी वाढली. काशीनं उंडा मोडला, अर्धा माझ्यापुढं ठेवला, अर्धा आपल्यापुढं. तिचा पहिला घास आणि माझा पहिला घास. अंगावर वारं येत होतं आणि मला ते हवंहवंसं वाटत होतं.

अप्पा आता खाकरून बांधाकडं जातील, असं मला वाटलं. ते गेले न्हाईत. उभे राहिले, मग वाकून घोंगडीच्या कडेला टेकले. हात धोतराला पुसला आणि आमच्या ताटातला उंड्याचा तुकडा मोडून, भज्जीत बुडवून तोंडात घातला. मालकांच्या हातातली पळी तशीच राहिली. काशीनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला, पण ताटातला उजवा हात काढला न्हाई.

"मीठ थोडं कमी हाय," अप्पा म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.

मी जरा सरकले आणि त्यांना ताटापाशी जागा करून दिली.